मंगळवारची पहाट

शंकुण्णी मेनन यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची खाती तपासली आणि निवृत्तीनंतर कुणी खाती देईना म्हणून ते माणसं तपासू लागले. सहकार खात्यात ऑडिटर असताना त्यांचा मोठा दरारा होता. ते गावात आले की पतपेढीचा चेअरमन थंडगार ताक मागवायचा. मेनन ताक प्यायचे, पेला उपडा ठेवायचे आणि मगच चूक काढायचे. ताकाने चूक पातळ होत नाही, असं ते म्हणत.

भाचीच्या लग्नाचा जमाखर्चही त्यांनी तसाच मांडला होता. गिरिजाने पंचविशी ओलांडली होती. मुलगा हरिदासन, नदीपलीकडच्या गावचा, मस्कतला एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर. निर्व्यसनी, उंच, बोलणं मोजकं. घरचे सज्जन. हे सगळं जमेला होतंच, पण मेननांनी सगळ्यांत वर मांडलेली रक्कम वेगळी होती. मुलगा मस्कतला, म्हणजे मुलगी इथे. जावई वर्षातून एकदा महिनाभर येणार, जाताना अत्तर आणि टॉर्च ठेवून जाणार. बाकी गिरिजा या घरातच. सकाळचा काळा चहा, संध्याकाळची कांजी, म्हणजे पेज, सोबत मुगाची उसळ आणि भाजलेला पापड, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून डोळ्यांत घालायचे थेंब, यातलं काही बदलणार नव्हतं. मुलीचं लग्नही होतं आणि मुलगी घरातून जातही नाही, असा व्यवहार त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

मुलाचे वडील कुमारन नायर पहिल्याच बैठकीत म्हणाले होते, "हरी फॅमिली व्हिसाचं बघतोय. मुलगी जाईल ना तिकडे?"

"त्या वाळवंटात काय ठेवलंय?" मेनन म्हणाले होते. "आणि इथे तिची आई एकटी पडेल."

आई एकटी नव्हती. आईचा सख्खा भाऊ सात वर्षांपूर्वी, मेहुणे गेले तेव्हा, घर सांभाळायला म्हणून येऊन राहिला होता. पण त्या बैठकीत हे कुणी काढलं नाही.

पत्रिकाही जुळल्या होत्या. गिरिजाची पत्रिका लहानपणी करायची राहून गेली होती. मेननांनीच ती बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडून काढून आणली, रंगीत गणपतीसकट. मुलाकडच्या जोतिष्यांनी ती पाहून मान डोलावली. आता फक्त मुहूर्त राहिला होता.

"मुहूर्त कार्त्यायनी टीचरच काढतील," बहीण सावित्री म्हणाली. "माझी पत्रिका त्यांच्या वडिलांनी मांडली होती."

"त्या पत्रिकेने काय दिवे लावले?"

"पंचेचाळिसाव्या वर्षी घरधन्याला जपा, असं त्यांनी सांगितलं होतं, एट्टा. लक्ष देऊ नकोस, असं तुम्ही सांगितलंत."

एट्टा म्हणजे थोरला भाऊ. थोरल्या भावाने छत्री उचलली. निघण्याआधी गिरिजाने त्यांची हनुवटी वर केली. "पंख्याकडे बघा, अम्मामा. माझ्याकडे नाही." दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, बरोबर मध्यभागी. हाताला कंप नाही, गालावर ओघळ नाही. डॉक्टरांच्या नर्सलाही हे जमत नव्हतं.

कार्त्यायनी टीचर सत्तरीच्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या जोतिष सांगणाऱ्या पणिक्करांच्या घरातल्या, पण नोकरी त्यांनी दूर कोल्लमकडे शाळेत संस्कृत शिकवण्याची केली. भाऊ गेल्यावर परत आल्या आणि त्याच्या पाटावर बसल्या. बाई पाटावर बसली म्हणून सुरुवातीला लोक कुजबुजले. मग कुजबुजणारेच एकेक करून पत्रिका घेऊन आले. मेनन पोहोचले तेव्हा त्या ओसरीत नारळ खवत होत्या. मेननांनी विड्याची पानं, दक्षिणा आणि दोन्ही पत्रिका समोर ठेवल्या. टीचरनी हात धुतले, पानं उलटसुलट करून पाहिली आणि आतून ताक आणायला सांगितलं.

ताक पाहून मेनन जरा सैलावले. ही बैठक त्यांच्या ओळखीची होती.

"फक्त मुहूर्त हवाय, टीचर. पत्रिका त्यांच्याकडच्यांनी बघितल्यात. सगळं ठीक आहे म्हणाले."

"मग त्यांनीच मुहूर्त का नाही दिला?"

"बहिणीचा हट्ट."

"बहिणीचं बरोबर आहे," टीचर म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचे कागद हातात घेतले. छापील भविष्याची पानं त्यांनी न वाचताच मागे सारली, नुसती कुंडली बघितली आणि पाटावर कवड्या मांडायला घेतल्या. घासून गुळगुळीत झालेल्या त्या कवड्या बोटांच्या टोकांनी इकडून तिकडे सरकत होत्या, दोनांचे चार होत होते, मध्येच एखादी बाजूला निघत होती. मेननांनी कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात बेरजा केल्या होत्या. वेगाने आकडेमोड करणाऱ्या माणसाचा हात कधी थांबतो, यावर त्यांची नजर असे. हा हात थांबत नव्हता.

"पुष्य नक्षत्र, कर्क रास," टीचर म्हणाल्या. "जन्माच्या वेळी पुष्य नुकतंच लागलेलं. म्हणजे शनीची महादशा अठरा वर्षांची होईपर्यंत. मग बुधाची, ती अजून चालू. बुध इथे फार चांगला बसलाय, मेनन. शनीशी त्याची मैत्री आहे. जाणारा मालक येणाऱ्याच्या हातात किल्ली देऊन, सगळं दाखवून जातो, तशी ही दशा बदललेली आहे. तर मुलगी आता कॉलेजात शिकवत असेल."

"नाही. घरी असते."

"बँकेत वगैरे? हिशेबाचं काम?"

"घरी असते, टीचर. माझ्या डोळ्यांत थेंब घालते."

टीचरनी त्यांच्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं. "शाळेत कशी होती? या शनीखाली म्हणजे रडतखडत पास झाली असेल."

"गणितात जिल्ह्यात पहिली आली होती." हे सांगताना मेननांची छाती नकळत पुढे आली. "सातवीत असताना माझ्या ताळेबंदातली चूक तिने दाखवली होती."

"आणि अठराव्या वर्षी?"

"मेहुणे गेले. कॉलेज सुटलं तिचं."

"सुटलं की सोडवलं?"

मेनन ताक प्यायले. पेला उपडा ठेवायला मात्र विसरले.

टीचर मांडलेल्या कवड्या पुन्हा बघत होत्या. ही जागा मेननांना चांगली ठाऊक होती. ताळा जमत नाही तेव्हा लेखनिक काय करतो, हे पाहण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. कुणी फरक 'किरकोळ'मध्ये ढकलतो, कुणी दोन नोंदींच्या मध्ये तिसरी घुसवतो, कुणी खोकतो. मुलाकडचे जोतिषी खोकले होते. शनीची दृष्टी असल्यामुळे बुधाची फळं उशिरा मिळतील, असं म्हणून त्यांनी फरक मिटवला होता. टीचरही तसंच काहीतरी म्हणतील आणि आपण घरी जाऊ, अशा तयारीने मेननांनी छत्री जवळ ओढली.

"ही तुमची भाची नाही," टीचर म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ही दुसरीच कुणीतरी मुलगी आहे. हिचं लहानपण जड गेलं आणि अठराव्या वर्षी हिला पंख फुटले. तुमच्या मुलीचं नेमकं उलटं. अशी उलटी फळं एखाद्या दृष्टीने मिळत नाहीत. ग्रह बरोबर आहेत, मेनन. पाळी चुकलीय. जन्म कधीचा?"

"मंगळवार. पहाटे चार. कागदावर आहेच की."

"कागदाला विचारत नाही. तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"तिथेच. रजा काढून आलो होतो. मंगळवारी दुपारच्या गाडीने उतरलो, सावित्रीने कैरीचं कालवण केलं होतं. संध्याकाळी तिला कळा सुरू झाल्या. कंदील घेऊन सुईणीला आणायला मीच गेलो."

"मंगळवारी संध्याकाळी कळा?"

"हो."

"आणि मूल झालं मंगळवारी पहाटे."

घरात वर्षानुवर्षं हेच बोललं जात होतं: गिरिजा मंगळवारची, पहाटे चारची, पुष्याची. आणि ते खोटंही नव्हतं. इकडे वार बदलतो तो सूर्योदयाला. रात्र कितीही चढली तरी उजाडेपर्यंत मंगळवारच. पण मेननांनी कॉम्प्युटरवाल्याला तारीख दिली ती इंग्रजी, मंगळवारची. ती मध्यरात्रीच बदलते. मुलगी जन्मण्याआधीच्या पहाटेची पत्रिका त्यांनी पैसे मोजून काढून घेतली होती. कैरीचं कालवण खाल्लं त्या दुपारच्याही आधीच्या पहाटेची.

"पण नक्षत्र तर पुष्यच आलं," ते म्हणाले. "चूक असती तर नक्षत्र बदललं असतं."

"तीच तर फसगत. त्या दिवसांत चंद्र रेंगाळत होता. आदल्या पहाटे पुष्य नुकतं लागलं होतं, दुसऱ्या पहाटे संपत आलं होतं. दोन्ही वेळा पुष्यच. म्हणून कुणाला शंका आली नाही. पण दशा मोजतात ती नक्षत्र किती उरलं यावर. तुमच्या कागदावर शनी जवळजवळ पुरा उरलाय. खरा उरला होता जेमतेम वर्षाचा."

मेननांनी कित्येक पतपेढ्यांच्या चेअरमनांना घाम फोडला होता. आता त्यांनी उपरण्याने स्वतःचा पुसला. एकूण बेरीज जुळते म्हणून आतली नोंद न पाहणारा लेखनिक, असा शेरा त्यांनी इतरांवर किती वेळा मारला असेल.

टीचरनी कवड्या एका हाताने मोडल्या आणि पहिल्यापासून मांडल्या. मगाचं एकही घर त्यांनी पुन्हा वापरलं नाही, सगळं नव्याने. मेनन बघत राहिले. आपली बरोबर वाटलेली बेरीज अशी विनातक्रार मोडणारा माणूस त्यांच्या खात्यात एकही नव्हता, ते स्वतः धरून.

"आता बघा. शनी वर्षभर. मग सगळं लहानपण बुधाचं. तो बलवान बुध शाळेत होता तिच्याबरोबर. अठराव्या वर्षी तो उठला आणि केतू आला. केतू तोडतो. वडील तोडले, कॉलेज तोडलं. तो आता संपायला आलाय. जाता जाता शेवटचा वाटा बुधाचा असतो, एका मालकाच्या घरात दुसरा पाहुणा म्हणून येतो तसा. या वर्षभरात तिने परत पुस्तकं काढलीत का?"

"छे. पुस्तकं कुठली." मेनन थांबले. "संध्याकाळी पोरं येतात गणित शिकायला. ओसरीत गोंधळ घालतात. गेल्या ओणमपासून. मी ओरडतो त्यांच्यावर."

टीचर पहिल्यांदा हसल्या. "मग आता ही तुमची भाची."

त्यांनी मुलाचा कागद ओढला. पुन्हा कवड्या सरकल्या, आणि या वेळी हात थांबला.

"मुलाची राहूची महादशा संपते आणि गुरूची लागते," त्या म्हणाल्या. "आणि मुलीचा केतू संपून शुक्र लागतो. एकाच सुमाराला. चार महिन्यांचंही अंतर नाही."

याचा अर्थ मेननांना समजावून सांगायची गरज नव्हती. नवराबायकोच्या दशा बरोबरच बदलत असतील तर तो दशासंधी. सहा महिन्यांच्या आतला संधी दिसला की इकडे पत्रिका मिटतात, ताक पिऊन उठतात आणि दुसरं स्थळ बघतात. कारण विचारत नाहीत. गिरिजासाठी आलेलं हे चौथं स्थळ, आणि तिने स्वतः मान डोलावलेलं पहिलं.

"टीचर," मेननांनी आवाज खाली आणला, "त्यांच्याकडे कॉम्प्युटरचीच पत्रिका आहे. ती त्यांना पसंत आहे. आपण ती तशीच राहू दिली तर कुणाचं काय बिघडतं?"

"तुम्ही नोकरीत कधी राहू दिलंत?"

"नाही."

"मग म्हातारपणी माझ्याकडून का करून घेता?" त्या जराही रागावल्या नव्हत्या. "आणि मोडायचं असं मी कुठे म्हटलं? संधी दिसला की नको, हा ज्यांना पुढचं वाचता येत नाही त्यांच्यासाठीचा नियम. कुंपण म्हणून ठीक आहे. पण दोन माणसं एकाच महिन्यात घर बदलताहेत, एवढ्यावर कोण काय सांगणार? कोण कुठून कुठे जातंय ते बघायला नको?"

त्यांनी कवडीने मुलीच्या कुंडलीतलं एक घर दाखवलं. "हिच्याकडे केतूपासून शुक्र पाचवा. नवपंचम. जाणारा येणाऱ्याला आशीर्वाद देऊन जातोय. हिची बदली अलगद होणार, सामान न फुटता. आता मुलाकडे बघा. राहू आणि गुरू एकमेकांपासून सहावे-आठवे. षडाष्टक. राहूने त्याला परक्या मुलखात नेऊन बसवलं. गुरू येणार तो त्याची वळकटी अंगणात फेकणार. नोकरी, जागा, काहीतरी हलणार. पुढे गुरू चांगला आहे, सोळा वर्षं चांगला. पण उंबरठ्यावर हा मुलगा धडपडणार."

"म्हणजे वाईटच."

"दोघंही धडपडणार असते तर वाईट. एकाचा पाय घसरतो त्याच वेळी दुसऱ्याचा घट्ट रोवलाय. मी बघितलेल्या संधींमध्ये इतका चांगला संधी मोजकाच आहे. याने हात पुढे केला तर धरायला ती आहे." टीचर थांबल्या. "पण हात पोचला पाहिजे. तो तिकडे आणि ती इकडे, तर तिचा शुक्र त्याच्या काय कामाचा? ते पहिलं वर्ष दोघं एका छपराखाली हवीत. तिकडे असोत की इकडे, त्याचं मला काही नाही. ही अट नसेल तर मीही म्हणेन, मोडा."

ओसरीत कोंबडी शिरली होती. टीचरनी तिला हुसकावलं. मेनन कोंबडीकडे बघत होते. त्यांच्या जमाखर्चातली सगळ्यांत वरची रक्कम एका बाईने, त्यांना न विचारता, खोडून दुसऱ्या बाजूला मांडली होती. वाईट हे की बेरीज बरोबर होती.

"हे मी त्यांना सांगितलं नाही तर?" ते म्हणाले.

"तर मला कळणार नाही. मी घरोघर बघायला जात नाही." टीचरनी कागदांची घडी करून दिली. "मुहूर्त आज देत नाही. मंगळवारच्या मुलीला मुहूर्त देऊन करू काय, ती आहेच कुठे? परत याल तेव्हा मी तुम्हाला वार विचारेन. जो सांगाल त्याचा मुहूर्त देईन."

घरी परतताना मेनन बसने न जाता नदीच्या वाळूतून चालत आले. वाटेत त्यांनी दोन मार्ग तपासले. दुसरा जोतिषी गाठता येईल; तो खोकेल आणि मुहूर्त देईल. किंवा संधी एवढाच सांगायचा, अट नाही. मग लग्न मोडेल आणि गिरिजा घरातच राहील. हा दुसरा मार्ग मनात आला तसे ते वाळूतच उभे राहिले. एका ताळेबंदात मुद्दाम चूक ठेवल्याबद्दल त्यांनी एका लेखनिकाला नोकरीवरून घालवलं होतं. त्या माणसाचा चेहरा कित्येक वर्षांनी आठवला. तो चेहरा फारसा ओशाळलेला नव्हता; सोयीचं होतं म्हणून केलं, असा होता.

ओसरीत पोरं बसली होती. गिरिजा उकिडवी बसून खडूने फरशीवर वर्तुळ काढत होती. एका पोराला तिसऱ्यांदाही कळलं नाही तेव्हा तिने तेच चौथ्यांदा, वेगळ्या वाटेने सांगितलं. मेनन खांबाआड उभे राहिले. पोरं त्यांना पाहून गप्प झाली, ओरडा खायच्या तयारीने.

"चालू द्या," मेनन म्हणाले. पोरांना ते जास्तच भीतिदायक वाटलं.

जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. कैरीच्या कालवणापासून. सावित्री आधी हसली, मग संधीचं ऐकून तिने पेज ढवळणं थांबवलं. "म्हणजे मोडायचं?"

"मोडायचं नाही. अट आहे." आणि त्यांनी अट सांगितली. पापड मोडताना जरा जास्तच आवाज झाला.

गिरिजा खाली बघत होती. "तुम्हीच म्हणालात ना अम्मामा, वाळवंटात काय ठेवलंय."

"ते मी म्हणालो. टीचर वेगळं म्हणतात."

"तिथे आपल्या लोकांची शाळा आहे. गणिताला शिक्षक मिळत नाहीत. आधी डिग्री पुरी करायला लागेल, पण ती घरबसल्या करता येते. हरी म्हणत होता."

"कधी म्हणत होता?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा फोन येतो."

मेननांनी बहिणीकडे पाहिलं. सावित्री पेज ढवळू लागली. आपल्या नाकाखाली रोज एक नोंद होत होती आणि ऑडिटर घोरत होता.

"आणि तुमचे थेंब?" गिरिजाने विचारलं. एवढ्या वेळात तिचा आवाज तेवढा एकदाच हलला.

"ते पत्रिकेत कुठे नाहीत," मेनन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुमारन नायरांकडे गेले. पत्रिका चुकली, चूक माझी, संधी आहे, मुलाची वळकटी अंगणात पडणार आहे, अट आहे, आणि मुलगी मस्कतला जाणार नाही असं मी म्हणालो होतो ते मागे घेतो: त्यांनी सगळं एका दमात, उभ्यानेच सांगितलं. नायर मात्र एका शब्दावर अडकले.

"वळकटी अंगणात? असं म्हणाल्या त्या?"

"तसंच म्हणाल्या."

नायर खुर्चीत मागे रेलले. "हरीची कंपनी बंद पडतेय. मालक भांडले. वर्षभरात सगळ्यांना घरी पाठवणार किंवा दुसरीकडे देणार. गेल्याच आठवड्यात कळलं."

"आणि आम्हाला कधी सांगणार होतात?"

"लग्नानंतर," नायर प्रामाणिकपणे म्हणाले.

दोघांच्याही वह्यांत एकेक पान चिकटवलेलं निघालं होतं, त्यामुळे कुणी कुणाला बोलू शकत नव्हतं. शेवटी नायरांनी चहा मागवला. "तो इथे परत आला तर?" त्यांनी विचारलं. "नोकरी जाऊन?"

"तर ती इथे, तुमच्या घरी येईल. छप्पर एक हवं. कुठलंही टीचरना चालतं." मेननांनी चहा घेतला. "तुमच्या जोतिष्यांना काय सांगाल?"

"त्यांनी हरीच्या नोकरीबद्दल काही सांगितलं नव्हतं," नायर म्हणाले. एवढ्यावर तो विषय संपला.

आठवड्याने मेनन पुन्हा टीचरच्या ओसरीत बसले. विड्याची पानं या वेळी त्यांनी स्वतः निवडून आणली होती, एकही फाटकं नाही. टीचरनी ती पालथी करून पाहिली, बाजूला ठेवली आणि पंचांग मांडीवर घेतलं. नायरांकडची हकिगत मेननांनी सांगितली. आपलं बरोबर निघालं याचा आनंद टीचरच्या चेहऱ्यावर दिसेल, म्हणून ते बघत राहिले. दिसला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, लग्नाआधी कळलं." बरोबर आलेल्या बेरजेचं कौतुक करून न घेणारा माणूसही मेननांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. त्यांच्या मनात आलं, ही बाई आपल्या खात्यात असती तर आपल्याला बढती मिळाली नसती. आणि ते योग्यच झालं असतं.

"तर," टीचरनी पंचांगावर बोट ठेवलं. "मुलीचा जन्मवार?"

"बुधवार," मेनन म्हणाले. "इंग्रजी तारखेने. पहाटे चार."

टीचर पानं उलटू लागल्या. उन्हाळ्यातल्या मेडम महिन्याशी येऊन थांबल्या, मनाशी काही मोजलं, मग मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मेननांचा डावा गाल ओला होता.

"थेंब कोण घालतंय?"

"मीच. गिरिजा शिकवतेय." त्यांनी उपरण्याने गाल पुसला. "निम्मे डोळ्यात जातात."

"लग्नापर्यंत येईल," टीचर म्हणाल्या आणि मुहूर्त लिहायला घेतला.